‘हाड’ या शब्दाबद्दल खुलासा

तीर्थरूप वहिनी,

तुम्हाला साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठ अंगांपैकी पाऊल सध्या बँडेजमध्ये गुंडाळून उशीवर ठेवलेलं आहे. तेव्हा उरलेल्या सात अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमची टाच आता कशी आहे? दादाच्या पायातली सळई थंडीत अजून ठणकते का? ही चौकशी मी पत्राने करते आहे, कारण फोनने करायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. फोन वाजतो, दादा उचलतो, उगाच खोकतो आणि ‘ती आंघोळीला गेलीय’ असं सांगतो. वहिनी, सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीलाही आंघोळ करणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. अशाने अंगाची सालं निघतील.

मुद्द्याचं आधी लिहिते. (मुलींना निबंधात हेच शिकवलं, स्वतः कधी पाळलं नाही.) त्या दिवशी फोनवर माझ्या तोंडून जो शब्द गेला, त्याचा खुलासा करायचा आहे. तुम्ही म्हणत होतात, “वन्सं, तो पाय दाखवा हो कुणाला तरी. ह्यांचंही असंच झालं होतं, वरून नुसती खपली आणि आत हाड...” आणि मी म्हणाले, “हाड”. आता हा शब्द मी प्रश्नचिन्हासह उच्चारला होता. म्हणजे, ‘हाड? काय सांगता काय? इतक्या आत जातं?’ अशा निव्वळ जिज्ञासेने. विरामचिन्हं फोनमधून नीट पोचत नाहीत, हा त्या यंत्राचा दोष. एका चिन्हाने अर्थाचा अनर्थ होतो हे मी नोकरीभर मुलींच्या डोक्यात भरत आले, आणि माझ्याच घरात तो झाला. शिवाय दारात एक कुत्रं उभं होतं. चांगलं तपकिरी, दांडगं. आपल्यालाच बोलावलं असं समजून ते आत यायला निघालं होतं. (मी तिसऱ्या मजल्यावर राहते हे तुम्ही म्हणाल. लिफ्टने आलं असावं.)

माझा आवाज त्या दिवशी जरा चढला होता, हे मी नाकारत नाही. त्यामागे माझ्या कानातल्याची फिरकी होती. तुम्ही येऊन गेलात तेव्हा आरशासमोर उभं राहून माझी मोत्याची कानातली घालून बघितली होतीत, आणि तुम्ही गेल्यावर बघते तो एका कानातल्याला फिरकी नाही. मी कुणाला एका शब्दाने बोलले नाही. (दादाला फक्त एवढंच विचारलं, की वहिनींच्या पर्समध्ये चुकून काही गेलं नाही ना. ते त्याने तुम्हाला सांगायला नको होतं. लहानपणापासून त्याच्या पोटात काही राहत नाही.) फिरकी ती केवढी, पण मनात धरून बसले. रोज सकाळी बूट घालून फिरायला जाताना तुमच्यावर मनातल्या मनात चिडत होते आणि पावलं जोरजोरात आपटत होते.

आता हे बूट कुठे असतात, तर आरशाच्या खाली.

मला काही टोचलं नाही, वहिनी. पायांची जाणीव साखरेने कधीच खाऊन टाकली आहे, हे मला माहीत नव्हतं. अंगाला मुंग्या येत नाहीत म्हणजे तब्येत ठणठणीत, असा माझा समज. मोज्यावर डाग दिसला तो मी बुटाच्या पॉलिशचा धरला. (तुम्ही पुढच्या खेपेला आलात तेव्हा तोच डाग बघून ‘हे पॉलिश नव्हे, वन्सं’ म्हणालात, तेव्हा मी तुम्हाला दुसरा कप चहासुद्धा विचारला नाही.) पुढे अंगठ्याखाली कातडी जाड झाली. कुरूप झालं म्हणून मी ब्लेडने स्वतःच्या हाताने तासलं आणि वर औषधाची पट्टी चिकटवली. दुखत नव्हतं, त्यामुळे आपला हात किती हलका, याचं कौतुक करत बसले. मग एके सकाळी हुडहुडी भरली, बूट चढेना, आणि बघते तो पायाला आणखी एक गुडघा फुटल्यासारखा अंगठा सुजलेला.

हाडांचे डॉक्टर वयाने इतके लहान आहेत, की त्यांचं शुद्धलेखन तपासायला घ्यावंसं वाटलं. मला ‘आजी’ म्हणाले. मी म्हटलं, मॅडम म्हणा. ‘बरं, आजी,’ म्हणाले. बाहेर भिंतीवर एक फलक लावलेला आहे: पाय रोज धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आरसा धरून तळवे बघा, अनवाणी चालू नका, कुरूप घरी कापू नका, बूट घालण्यापूर्वी आत हात घालून बघा. साखरेच्या तपासण्यांना जाताना या फलकासमोर मी कितीदा बसले आहे. ‘मधूमेह’ लिहिलं होतं त्यावर. तो दीर्घ ‘धू’ मला इतका सलायचा, की तेवढ्यासाठी मी रिसेप्शनवर दोनदा तक्रार केली होती. शुद्धलेखनासाठी तो फलक मला तोंडपाठ, अर्थासाठी एकदाही वाचलेला नाही. पायात रुतलं ते कळलं नाही, भिंतीवरचं तेवढं सललं.

डॉक्टरांनी जखमेत स्टीलची बारीक सळी घातली. मी पंख्याकडे बघत स्वस्थ पडून होते. सळी आत कशाला तरी टेकली, आणि ते म्हणाले, “हाड.” वहिनी, प्रश्नचिन्ह नाही, उद्गारचिन्ह नाही. नुसता पूर्णविराम. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. निवृत्तीच्या समारंभात मला ‘हाडाची शिक्षिका’ म्हणाले होते. त्यातल्या एका हाडात आता पू झाला आहे.

एवढ्यावर भागलं नाही. पायात चढेना म्हणून पिशवीत घालून आणलेला बूट नर्सने मागितला. (सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की कॉन्व्हेंटच्या सवयीने माझी पाठ आपोआप ताठ होते.) मी ताठ बसले, तिने बूट उलटा करून आपटला, आणि फरशीवर टिंग करून फिरकी पडली. घरंगळत नेमकी रांगेतल्या लोकांच्या पायाशी गेली. “आजी, ही तुमची का?” सगळी रांग बघायला लागली. माझ्याच फिरकीने माझी फिरकी घेतली. त्या क्षणी शुद्ध हरपली असती तर बरं दिसलं असतं, पण माझी प्रकृती अशा वेळी दगा देते आणि धडधाकट राहते. ‘माझीच’ म्हणाले.

पुढचं थोडक्यात. मी अजून इस्पितळातच आहे. अंगठ्याचं खराब झालेलं हाड खरवडून काढलं आहे. त्याचा तुकडा तपासून कुठला जंतू आणि कुठलं औषध हे ठरवलं. आता दंडातल्या बारीक नळीतून ते औषध महिना-दीड महिना रोज जायचं आहे, कारण हाडापर्यंत औषध रखडत रखडत पोचतं. मधे थांबवलं की जंतू पुन्हा डोकं वर काढतात. पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकवला, तर अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबलं नाही तर आणखी वर. डॉक्टरांनी पायावर बोट ठेवून कुठवर ते दाखवलं. मला ते बोटसुद्धा जाणवलं नाही. तेव्हा मात्र घाबरले, वहिनी. दादाच्या वेळी तुम्ही नळ्या, पट्ट्या आणि त्याचा चिडका स्वभाव सांभाळलात, आणि मी भेटायला येऊन तुमच्या दारावरच्या पाटीतलं अनुस्वाराचं टिंब दुरुस्त केलं होतं, हे आठवलं.

तेव्हा गैरसमज मनात ठेवू नये. सगळा घोटाळा त्या पांढऱ्या कुत्र्याचा. दादाला आशीर्वाद मागते, तुम्हाला पुन्हा सात अंगांनी नमस्कार.

तुमची,
वन्सं

ता. क. फिरकी गरम पाण्यात उकळून घेतली आहे. दोन्ही कानातली या पाकिटात घातली आहेत, ती ठेवून घ्यावीत. त्या दिवशी आरशात तुम्हाला फार शोभत होती. मी बोलले नाही.

ता. क. घरात पायावर लक्ष ठेवणारं माणूस असल्याशिवाय डॉक्टर मला सोडत नाहीत. कोण आहे म्हणून विचारलं, तेव्हा मी ‘माझ्या वहिनी येणार आहेत’ असं सांगून बसले आहे. न विचारता सांगितलं, कारण तुम्ही आंघोळीला गेला होतात. नाही आलात तरी मी समजेन. इथले लोक बरे आहेत.

ता. क. कुत्रं नव्हतं. प्रश्नचिन्हही नव्हतं.