पांढऱ्यात थेंबभर निळा

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी पांढरीच हवी म्हणे! माझी काळी बाईक चालत नाही. का? तर लॅबचे लाल स्टिकर पांढऱ्यावर उठून दिसतात. लॅबच्या मॅडम इतक्या सहज म्हणाल्या, जणू ओढणी बदलून या म्हणताहेत. "एक तारखेला पांढऱ्या गाडीवर हजर व्हा. नाहीतर यादीत पुढची मुलगी तयारच आहे."

घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे. नोकरी पक्की. कपड्यांचं दुकान बंद पडल्यापासून सात महिने घरात बसलेय, भिंती तोंडपाठ झाल्यात. ही नोकरी मी हातची जाऊ देणार नाही. काय वाटेल ते झालं तरी.

१२ नोव्हेंबर

गाड्या रंगवणाऱ्याकडे जाऊन आले. त्याने सांगितलेल्या आकड्यात दुसरी जुनी गाडी येईल! हसून परत फिरले. घरीच रंगवायची.

आणि घरात पेंटर आहे की! बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. बाजारातली निम्मी अक्षरं त्यांच्या हातची. गाडीही त्यांचीच — गुडघ्यांना झेपत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी चावी माझ्या हातात दिली. जेवताना विषय काढला. साफ नाही म्हणाले.

"पाटी वेगळी, गाडी वेगळी."

मी म्हटलं, पत्रा तो पत्राच ना?

"फ्लेक्सवाल्यांनी धंदा खाल्ला तेव्हा ब्रश खाली ठेवला. आता पुन्हा नाही." आणि वर हेही — "लोकांचं रक्त, लघवी घेऊन दारोदार हिंडणार तू? दुसरं काही मिळत नाही?"

असं आहे होय! नोकरीच पसंत नाही, म्हणून ब्रश जड झालाय. ठीक आहे. माझे हात काही गळून पडलेले नाहीत.

१४ नोव्हेंबर

मेकॅनिकने टाकी, मडगार्ड, बाजूची झाकणं सोडवून दिली. "ताई, कशाला हा उपद्व्याप?" म्हणाला. मी गोड हसले. दिवसभर मागच्या अंगणात बसून पॉलिश पेपरने घासत होते. काळा रंग निघता निघत नाही, बोटांची सालं मात्र पटापट निघाली. नाकात काळं, कानात काळं. आई दारातून म्हणाली, "गाडी गोरी होईपर्यंत तू काळी होशील."

हिला विनोद सुचतात!

१५ नोव्हेंबर

चहाची गाळणी रंग गाळायला घेतली. आई माझ्याशी बोलत नाही.

१७ नोव्हेंबर

डोकं फिरलंय. प्रायमर ठीक झाला होता. आज पांढरा ऑइल पेंट लावला. लावताना झकास दिसत होता. अर्ध्या तासाने बघते तर टाकीवरून ओघळ! मेणबत्ती वितळावी तसे. एक ओघळ बोटाने पुसायला गेले, तर तिथे पाच बोटं उमटली. मग वाऱ्याने सुटलेला आईचा टॉवेल येऊन बरोब्बर मडगार्डला चिकटला. टॉवेल सोडवला, तर धागे तिथेच. पांढरी गाडी नाही, केसाळ गाडी!

मी तिथेच फतकल मारून रडले. खोटं कशाला लिहू. चौदा दिवस राहिलेत.

बाबा दारात उभे होते. किती वेळ, माहीत नाही. म्हणाले, "घासून काढ सगळं. परवा मी लावतो."

विरघळले एकदाचे!

१९ नोव्हेंबर

आज त्यांची मांडामांड बघण्यासारखी होती. अंगणात पाणी मारलं, धूळ बसायला. दोऱ्यांवरचे कपडे काढायला लावले. ट्रंकेतून त्यांचे ब्रश निघाले — एकेक कापडात गुंडाळलेला, केस अजून मऊ. मग डबा उघडून पांढऱ्यात निळ्या स्टेनरचा, म्हणजे बाटलीतल्या गडद निळ्या रंगाचा, थेंब टाकला. मी किंचाळले. तर म्हणाले, "नुसता पांढरा लावला तर चार दिवसांत पिवळट दिसतो. पांढऱ्यात थेंबभर निळा घातला की तो खरा पांढरा. हे फ्लेक्सवाल्यांना कुठलं माहीत!"

थेंब टाकायचे, ढवळायचे, डबा उन्हात न्यायचा, बघायचे, पुन्हा थेंब. "अजून पिवळाच वाटतो." असं कितीदा तरी! मी लॅबचा फॉर्म भरत होते, मधेच वैताग. शेवटी हाक मारली, "बघ गं जरा, कसा दिसतोय?" मी मान वर न करता म्हटलं, छानच असणार, तुम्हाला काय सांगायचं. पुन्हा म्हणाले, "बघ तरी." मी म्हटलं, बाबा, लावा हो!

दुपारी मला प्रशिक्षणाला जायचं होतं. गेले.

२० नोव्हेंबर

काल घरी यायला उशीर झाला. अंगणातल्या दिव्याच्या पिवळ्या उजेडात टाकी बघितली. काय हात आहे! एक ओघळ नाही, ब्रशची एक रेघ नाही. काच ओतल्यासारखी. आज सकाळी सहालाच प्रशिक्षणाला पळाले, उजाडलंसुद्धा नव्हतं. उद्या सुट्टी आहे, उद्या जोडायची.

आईने गाळणी नवीन आणली. बोलायला लागली.

२१ नोव्हेंबर

निळी! निळी!! निळी!!!

सकाळी ऊन पडलं आणि बाहेर आले तर अंगणात आकाश पडलंय! टाकी निळी, मडगार्ड निळं, झाकणं निळी. फिकट आहे, सुरेख आहे, एखाद्या लहान मुलाच्या खोलीला शोभेल. मला पांढरी हवी आहे!

आईला हाक मारली. तिने तोंडावर हात ठेवला. बाबा चहाचा कप घेऊन आले. मी म्हटलं, हे काय केलंत? म्हणाले, "काय झालं?" काय झालं विचारतात! मी म्हटलं, हा पांढरा आहे? सांगा, हा पांढरा आहे? ते टाकीजवळ आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. त्यांनी तिच्यावर तळवा ठेवला.

मग माझा तोल गेला. म्हटलं, ज्या माणसाने चाळीस वर्षं रंग कालवले त्याला पांढरा आणि निळा कळत नाही? नोकरी नको होती तर तोंडाने सांगायचं! हे मुद्दाम केलंत ना तुम्ही?

आई "अगं, अगं" करत होती.

बाबांनी कप खाली ठेवला. "हो," म्हणाले. "मुद्दाम केलं."

एवढंच. आत निघून गेले.

२२ नोव्हेंबर

कबूल करतात वर! लाज नाही.

२४ नोव्हेंबर

सात दिवस राहिले. हार्डवेअरवाल्याकडून पांढऱ्या स्प्रेचे डबे आणले. निळ्यावर सरळ पांढरा मारला. पाच मिनिटांत सगळा रंग सुरकुतला! टाकी म्हातारी झाली. दुकानात परत गेले तर तो शांतपणे म्हणतो, "ऑइल पेंटवर स्प्रे मारतात का कोणी? खालचा रंग उचलला जातो." अरे, मग विकताना तोंडात काय गुळणी धरली होतीस?

पुन्हा पॉलिश पेपर. ही टाकी घासून घासून एक दिवस आरपार दिसेल.

२५ नोव्हेंबर

घासतेय. बाबांशी अबोला. ते दिवसभर खोलीत, भिंतीकडे तोंड करून. आई मधल्यामधे ताटं पोचवते आणि दोघांनाही बोलते.

२७ नोव्हेंबर

आज बाबा आपणहून बाहेर आले. स्टूल ओढून माझ्यापासून दोन हातांवर बसले. "मी हात लावणार नाही," म्हणाले. "तू लाव, मी सांगतो."

मी पाठ फिरवली. पण प्रायमर वाळला होता आणि मला ब्रश धरता येत नाही हेही खरं. डब्यातला नुसता पांढरा घेतला, निळ्याची बाटली उचलून कुंपणापलीकडे टाकली — त्यांच्यासमोर!

"ब्रश अर्धाच बुडव. काठाला टेकव, पुसू नकोस. वरून खाली एकदाच, मग आडवा, मग नुसतं टोक फिरव." मी करत गेले. ते माझ्याकडे बघतही नव्हते. मान खाली, कान इकडे. मधेच म्हणाले, "ब्रश करकरतोय. रंग घट्ट झाला. चमचाभर थिनर घाल." घातलं. आवाज खरंच बदलला! मग "थांब, आता त्या जागेला पुन्हा हात लावू नकोस," म्हणाले. त्यांना कसं कळलं मी पुन्हा तिथेच घासणार होते?

बघून शिकवायला काय जातं? नुसतं ऐकून शिकवताहेत, जणू मी पेटी वाजवतेय! अजून रुसलेत. मीही रुसलेय. पण ओघळ आला नाही.

२९ नोव्हेंबर

दुसरा हात झाला. सकाळच्या उन्हात तीनदा बघितलं, आईला दाखवलं, शेजारणीला दाखवलं. पांढरी! मडगार्डवर ब्रशच्या चार रेघा आहेत, त्या माझ्या. असू देत.

मेकॅनिकने गाडी जोडून दिली. "घरी केलं?" म्हणाला. मी नुसती मान हलवली, तोऱ्यात. बाबांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

१ डिसेंबर, सोमवार

मॅडमनी गाडीभोवती चक्कर मारली, "गुड" म्हणाल्या, स्टिकर लावले. नोकरी लागली.

तिसऱ्या फेरीला बाजारातल्या दवाखान्यातून नमुने घ्यायचे होते. तिथल्या वयस्क कंपाउंडरने गाडीचा नंबर बघितला. "ही पेंटरकाकांची गाडी ना? तुम्ही मुलगी का त्यांची?" मग आपणहून सांगायला लागले. बाबांची शेवटची पाटी त्यांच्याच दवाखान्याची. तीन वर्षांपूर्वीची. "पांढऱ्यावर लाल अक्षरं सांगितली होती. निळ्यावर करून आणली. मी म्हटलं, काका, ही तर निळी झाली. तेव्हा इथे पायरीवर बसून राहिले हो, तासभर. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, मला आता रंग कळेनासे झालेत. घरी बोलू नका, पोरगी काळजी करत बसेल."

बाबा तीन वर्षं जाणून होते. तरी माझ्यासाठी ब्रश घेतला. आणि मी मुद्दाम केलंत का विचारलं, तर हो म्हणाले.

घरी आल्यावर बाबांना काही विचारलं नाही. त्यांच्या शेजारी बसले, तेवढंच. उद्या साडेनऊचा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. मॅडमना कळवलं, उद्या येणार नाही. नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी! त्यांचं उत्तर आलेलं नाही. न येऊ दे.