वीस दिवसांची कात्री

ता. ४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

अगं, तीस हजार शर्टांच्या ऑर्डरवर तुझी सही! कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मी सगळ्यांना दाखवत सुटले, की परदेशी कंपनीच्या खरेदी विभागातली ही बाई माझी सख्खी बहीण. दहावीपर्यंत तुझी वेणी मीच घालायचे, हे मात्र गिळलं.

एक गोष्ट खटकते. काल आलेल्या कॉलरी आमच्या बायकांच्या हातच्या नाहीत. मॅनेजरना विचारलं, तर म्हणाले, की तुम्ही टाके मोजा. रजा मिळाली, की माल आणणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर जाते.

आठवण ठेव, लेखणी झिजव.

तुझी ताई

ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग आमचा करार काढून पाहिला. कारखान्याने काम चोरून बाहेर दिलं असेल तर ऑर्डर रद्द, असा आमचा नियम आहे. आणि खरं सांगू? माल वीस दिवस आधी हवा, हे मीच रेटलं. त्याबद्दल पाठ थोपटून घेतली. तेवढ्या दिवसांत तुम्ही एवढे शर्ट शिवणार कसे, हे विचारलंच नाही.

काय दिसलं ते लगेच लिही. रागाव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी छोटी

ता. २० फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

जाऊन आले! गावाबाहेर एका गोदामामागे पत्र्याची शेड, आत बेचाळीस बायका. पुढच्या दाराला बाहेरून कडी, मागच्या दाराला कापडाचे गठ्ठे टेकवलेले. आग लागली तर? टेम्पोवाल्याने कडी काढली तशी आत घुसले. सगळ्यांनी मिळून गठ्ठे ओढले आणि मागचं दार सताड उघडलं. वारा आत आला तशा बायका हसायलाच लागल्या!

मग कॉलर लावणाऱ्या मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, तक्रार करू नका, काम गेलं तर आमच्या चुली विझतील. मॅनेजरशी कडाकडा भांडले. ते म्हणाले, तारीख पाळायचा दुसरा मार्ग दाखवा.

छोटे, ऑर्डर रद्द करून तुम्ही हात झटकाल, रस्त्यावर येतील त्या बायका. वीस दिवस परत दे.

आशीर्वाद आहेतच, आता हिंमतही धर.

तुझी ताई

ता. २८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जिंकलो गं! भर बैठकीत उभी राहिले. शेडचं सांगितलं आणि ती तारीख माझी होती हेही. साहेब लालबुंद! दोन तास खडाजंगी झाली. शेवटी वीस दिवस मिळाले, ऑर्डर कायम. अट एकच: त्या बायका तुमच्या छपराखाली, तुमच्याइतक्याच पगारावर. माझी बढती पुढे ढकलली. ढकलू देत! बारा तारखेला मी स्वतः पाहणीला येते आहे.

भेटेपर्यंत जीव लावून ठेव.

तुझी छोटी

ता. ७ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

आज त्या आल्या! एकतीस जणी, डबे घेऊन, जणू सहलीला निघाल्यात. अकरा जणींना मात्र इतक्या लांब येणं जमेना. त्यांच्यासाठी गाडी सुरू करा म्हणून मॅनेजरच्या मागे लागले आहे. ते ऐकेनात. तू आलीस की दोघी मिळून त्यांना घेरू.

मावशींनी विचारलं, की पाहणीला येणारी तुमची बहीण शिवते का? मी खरं तेच सांगितलं, की तिला शिवता येत नाही. तेव्हा सगळ्यांनी ठरवलंय, की आल्या आल्या तुला मशीनवर बसवायचं, समोर घड्याळ ठेवायचं आणि दहा कॉलरी लावून घ्यायच्या. म्हणाल्या, पुढची तारीख तिने त्यानंतर ठरवावी.

ये लवकर, वाट पाहतो आहोत.

तुझी ताई आणि एकतीस जणी