सल्फेटचं नाव बदलत नाही

काचीगुडा, हैदराबाद
१६ फेब्रुवारी १९९६

ती. सौ. वन्संना,

त्रिवेणीचा वाकून नमस्कार. (गुडघा आता वाकत नाही, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घ्या.) रावसाहेबांचा खोकला कसा आहे? तुम्ही लिहिलेला आलं-मधाचा काढा मी तुमच्या बंधूंनाही दिला. त्यांना खोकला नव्हता, त्यामुळे गुण आला की नाही ते कळलं नाही.

तुमचं पत्र पोचलं. हर्षवर्धनच्या नवरीचं 'नीलिमा' हे नाव ठेवायचं नाही, आपल्या घराला निळा रंग लाभत नाही, तांदळात 'भाग्यलक्ष्मी' असंच लिहायचं, हे दोनदा वाचलं. वन्सं, तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही. हर्षचं नाव पाळण्यात आत्या म्हणून तुम्हीच ठेवलंत आणि माझंही लग्नात तुम्हीच सुचवलंत. म्हणून रविवारच्या बैठकीत हा विषय मी स्वतः, जेवणं झाल्यावर, पान देता देता हळूच काढणार होते. तो विषय जेवणाच्या आधीच, आणि भलत्याच रीतीने निघाला. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुम्हाला ठाऊकच आहे, शाळेतून निवृत्त झाले तरी दहावीच्या आठ-दहा मुली रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत रसायनशास्त्र शिकायला येतात. सध्या संयुगांची नावं आणि सूत्रं चालू आहेत. पुस्तकात 'संयुजा', 'धन आयन', 'ऋण आयन' असे शब्द आहेत. ते ऐकले की मुलींचे चेहरे परीक्षेआधीच पडतात. (आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेस हेच सगळं इंग्रजीत शिकवायच्या. तेव्हा आमचेही पडायचे, फक्त इंग्रजीत.) म्हणून मी माझी एक युक्ती काढली आहे, लग्नाची. धातू म्हणजे नवरा. त्याचं नाव आधी लिहायचं आणि ते बदलायचं नाही. अधातू म्हणजे नवरी. तिचं नाव नंतर, आणि शेपूट बदलायचं: क्लोरीनची क्लोराइड होते, ऑक्सिजनची ऑक्साइड. इलेक्ट्रॉन देणारा नवरा, घेणारी नवरी. (इथे हुंडा मुलाकडचे देतात, हे सांगितलं की मुली टाळ्या वाजवतात.) कोण किती देतो आणि कोण किती घेते ते आकडे आधी जुळवायचे. सोडियम एक देतो, क्लोरीन एक घेते, झालं मीठ. पण कॅल्शियम दोन देतो आणि क्लोरीन बिचारी एकच घेऊ शकते, मग दुसरी क्लोरीन आणावीच लागते. तर रविवारी फळ्यावर माझ्या ठळक अक्षरात असं होतं:

नवरा: नाव तेच. नवरी: नाव बदलणार, हरकत चालणार नाही.
कॅल्शियम: नवरा एक, नवऱ्या दोन.
लोखंड: याचे आकडे दोन, कधी हा कधी तो. आधी खात्री करून घ्यावी.

नांदेडची मंडळी साडेअकराला यायची होती. पण आपल्या नशिबाने त्या दिवशी गाडी वेळेवर आली. (त्यात रेल्वेचा दोष आहे असं मी म्हणत नाही, तुमच्या बंधूंनी सिकंदराबादला तीस वर्षं रेल्वेचं मीठ खाल्लं आहे, ते म्हणू देणार नाहीत.) नीलिमाचे वडील माणिकराव, आई, आणि नारायणगुड्याच्या हॉस्टेलमधून परस्पर आलेली नीलिमा, असे तिघे दहालाच दारात! मीनाने, म्हणजे माझ्या वर्गातल्या आगाऊ मुलीने, विचारलं होतं हो, "बाई, पाव्हणे आले, फळा पुसू का?" आणि मी, पस्तीस वर्षांच्या सवयीने, म्हणाले, "अजिबात पुसायचा नाही. आधी उतरवून घ्या."

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तर मुली खाली माना घालून लिहीत होत्या, आणि माणिकराव चष्मा लावून फळा वाचत होते. नीलिमाच्या आईचं बोट दुसऱ्या ओळीवर थांबलं होतं. त्या मला म्हणाल्या, "विहीणबाई, आमची पोरगी एकटीच येणार आहे ना इथं?" मी समजावणार, तोवर माणिकरावांनी तिसरी ओळ मोठ्याने वाचली आणि हर्षकडे अशा नजरेने पाहिलं, की तो पोरगा बसल्या जागी गंजला. "कधी हा कधी तो म्हणजे काय हो? मुलाची नोकरी पक्की आहे ना? का कंत्राट?" (हर्षच्या कॉम्प्युटर कंपनीचं नाव एका वर्षात दोनदा बदललं आहे, त्यामुळे त्याला चटकन 'हो' म्हणता आलं नाही.) तुमचे बंधू एवढा वेळ वर्तमानपत्रामागे होते. माझ्या मुली त्यांना 'निष्क्रिय वायू' म्हणतात; कोणाशी संयोग नाही, कोणाशी भांडण नाही. नेमकं त्या क्षणी त्यांना मदत करावीशी वाटली. कागद खाली करून ते म्हणाले, "अहो, मनावर घेऊ नका. आमच्या घरात सगळं हिच्या फळ्यावरच ठरतं."

वन्सं, नीलिमाच्या आईने पिशवी उचलली. खरंच उचलली. चिवड्याचा डबा आधीच माझ्या हातात दिला होता, त्याच्याकडेही त्यांनी एकदा पाहिलं.

मी भराभर सगळं सांगत सुटले, मीठ, कॅल्शियम, लोखंडाचा गंज. हळूहळू दोघांना हसू आलं. हुंड्याची ओळ माणिकरावांना इतकी आवडली की त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. पण मग ते पहिल्या ओळीकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "बाकीचं समजलं बाई. हे नाव बदलायचं तेवढं रसायनातलंच आहे, का घरातलंही?"

तुमचं पत्र माझ्या कमरेला खोचलेलं होतं. खोटं कसं बोलू? म्हटलं, "घरातलंही आहे."

तेव्हा नीलिमा उठली. (ती औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे, हे मला आठवायला हवं होतं.) तिने माझ्या हातातला खडू मागून घेतला, फळ्यावर 'कॉपर सल्फेट' लिहिलं आणि मुलींना विचारलं, "गंधक एकटं आलं तर त्याचं काय होतं?"

"सल्फाइड!"

"आणि चार ऑक्सिजन घेऊन आलं तर?"

"सल्फेट!"

"लग्नानंतर?"

"सल्फेटच!"

"काइकू?" तिने आपल्या हैदराबादी थाटात विचारलं, आणि मीना उसळून म्हणाली, "ती एकटी नाही येत ना ताई, आपलं माहेर घेऊन येते! तिचं नाव कोण बदलणार?"

मग नीलिमा माझ्याकडे वळली. उद्धटपणा नव्हता हो. म्हणाली, "काकू, मी सल्फेट आहे. माझ्या नावावर पदवी आहे, पासपोर्ट आहे, जूनमध्ये कंपनी जर्मनीला पाठवते आहे. हर्षवर्धन मला आवडतात. पण 'नीलिमा' इथे चालणार नसेल, तर मला आजच सांगा." आणि कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. वन्सं, त्याच्याइतकं निळं या जगात दुसरं काही नाही.

पस्तीस वर्षं मी मुलींना सल्फेट शिकवलं, आणि ते माझ्या युक्तीत बसत नाही हे एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही. मी मुलींसमोर फळ्यापाशी गेले आणि पहिल्या ओळीतलं 'हरकत चालणार नाही' पदराने पुसलं. नीलिमाच्या आईने पिशवी खाली ठेवली. मग जेवणं झाली. चिवडा फार छान होता.

सर्वांना यथायोग्य सांगावे. मोठ्यांच्या पुढे जास्त लिहू नये म्हणतात, म्हणून चौथं पान घेत नाही.

तुमची,
त्रिवेणी

ता. क. मूळ काम राहिलंच. तांदळात नाव लिहायचं ते चांदीचं ताट तुमच्याकडे आहे, ते आठवणीने आणा. त्यात 'नीलिमा' लिहायला तुमची परवानगी हवी. नातवंडाचं नाव मात्र तुम्हीच ठेवायचं, ते मी नीलिमाकडून कबूल करून घेतलं आहे. (यादी तिला आधी दाखवायची, एवढीच अट आहे.)

ता. क. २. परवानगी सावकाश दिलीत तरी चालेल. पत्रिका छापून आल्या. एक सोबत जोडली आहे.

ता. क. ३. सिस्टर अ‍ॅग्नेस एकदा नळीत मोरचूद तापवून दाखवत होत्या. निळा रंग बघता बघता उडाला, पांढरी भुकटी राहिली. मला रडू आलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "गंगू, थांब," आणि पाण्याचा एक थेंब टाकला. सगळं पुन्हा निळं झालं. तुम्ही एका नदीच्या तीन केल्यात, त्रिवेणी नाव मला मनापासून आवडतं, तक्रार नाही. पण गंगू म्हणणारी सगळी माणसं गेली. माझं ते नाव माहीत असलेल्यांत आता तुम्ही आणि तुमचे बंधू, एवढेच उरलात. आणि ते निष्क्रिय वायू. उत्तर लिहाल तेव्हा आत, मायन्यात, एकदा ते नाव लिहाल? या पाकिटावर मी तुमचं 'सुशीला' लिहिलं आहे. पोस्टमन चुकू नये म्हणून सासरचं 'सावित्रीबाई' कंसात घातलं आहे.