पुढची दोन बाकं

३ जून

चि. चिमणीस,

शालोम आणि अनेक आशीर्वाद. काल मी सिनेगॉगच्या मुकादमकीचा, म्हणजे प्रमुखपदाचा, राजीनामा दिला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच कळवतो.

आपल्या सिनेगॉगमध्ये सव्वाशे माणसांची बाकं आहेत आणि येणारे आम्ही दहा. प्रत्येक जण आपल्या घराण्याच्या जागेवर बसतो. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बाबा बसायचे, तिथे मी. कालच्या सभेत दातवाल्या डॉक्टरने ठराव मांडला, की सगळ्यांनी पुढच्या दोन बाकांवर एकत्र बसावं. म्हणे, एकाचं आमेन दुसऱ्याला ऐकू येत नाही. मी म्हटलं, देवाला ऐकू गेलं म्हणजे झालं. ठराव मंजूर होणार असेल तर हा माझा राजीनामा.

ठराव मंजूर झाला. राजीनामाही मंजूर झाला, आभारासह. नवा मुकादम कोण, तर दातवाला. लोकांच्या दाढा उपटणारा माणूस आता मंडळी चालवणार.

मी तिकडे पाऊल टाकणार नाही. तुझी वहिनी हे सगळं ऐकत भाजी चिरत राहिली.

तुझा लोभ तेवढा असू दे. सध्या दुसऱ्या कुणाचा दिसत नाही.

तुझा दादा


७ जून

ती. दादास,

स. न. वि. वि. एकोणीस वर्षांत हा तुझा आठवा राजीनामा. आधीच्या सातांची पत्रं माझ्याकडे आहेत. दर वेळी चार जण घरी यायचे, वहिनी चहा करायची, तू आढेवेढे घ्यायचास आणि राजीनामा परत घ्यायचास. या वेळी ते कंटाळले. जन्मभर दुकानदारांची वजनं तपासलीस, एकदा आपलंही तपासायचं होतंस.

एक लक्षात ठेव. सव्वीस तारखेला, बुधवारी, आईचा वर्षदिवस. दहा पुरुष जमल्याशिवाय कद्दीश म्हणता येत नाही आणि तुझ्यावाचून ते नऊच. शेवटच्या दिवसांत आईने तुझ्याकडे एवढंच मागितलं होतं, की वर्षातून एकदा तिच्यासाठी ही प्रार्थना व्हावी. चौदा वर्षांत खंड पडला नाही. माणसांवर रुसायचं तेवढं रूस, आईला त्यात ओढू नकोस.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी पत्र लिहीत जा.

तुझी चिमणी


१७ जून

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. दोन शनिवार झाले. दोन्ही वेळा नऊ जण तासभर थांबले आणि जमेल तेवढी प्रार्थना उरकून घरी गेले. मी समोरच्या बागेत बसलो होतो. सहज.

दातवाला एकदाही बोलवायला आला नाही. साधी रीत आहे, माणूस कमी पडला की मुकादमाने उठून त्याच्या घरी जायचं. मी एकोणीस वर्षं गेलो. घड्याळजीला तर एकदा न्हाणीघरातून काढून आणला होता.

सव्वीसची काळजी करू नकोस. सकाळी कपडे करून मी दाराशी बसेन. ते बोलवायला आले की निघेन. नऊ जणांना दहावा लागतोच.

जावईबापूंना नमस्कार. माझ्याविषयीचं मत जरा चांगलं ठेव.

तुझा दादा


२० जून

ती. दादास,

स. न. वि. वि. दहाव्यालाही नऊ लागतात, हे तुझ्या ध्यानात कसं येत नाही? तू दाराशी बसणार, ते बाकांवर बसणार, आणि आई मध्ये लोंबकळणार.

एकच विचारते. कुणी बोलवायला आलं नाही तर जाशील का? हो की नाही, तेवढंच कार्डावर लिही. उलट टपाली.

तुझी चिमणी


२७ जून

चि. चिमणीस,

आशीर्वाद. उत्तर लिहिलं नाही, हे कबूल.

काल साडेसातपासून दाराशी बसलो. आठला प्रार्थना. पावणेआठपर्यंत कुणी आलं नाही. वहिनीने माझी टोपी आणून हातात दिली आणि दार उघडून धरलं. मी गेलो.

पाहतो तर पहिल्या बाकावर तुझे यजमान. आदल्या संध्याकाळच्या गाडीने आले म्हणे, आणि उतरले दातवाल्याकडे! सख्ख्या मेव्हण्याचं घर चार गल्ल्यांवर असताना.

माणसांना आकड्याने मोजू नये म्हणून आपण दहा शब्दांचं वचन म्हणतो, एकेका माणसावर एकेक शब्द. दातवाल्याने ते म्हटलं. दहावा शब्द तुझ्या यजमानांवर संपला. मी मागे बाबांच्या जागी उभा. माझ्यासाठी शब्द उरला नाही.

कद्दीश मी म्हटली. आईचं झालं. पण तू मला न विचारता माणूस पाठवलास. आईसाठीसुद्धा मी येणार नाही, असं तुला वाटलं.

यावर काय लिहिणार आहेस ते लिही.

दादा


३० जून

ती. दादास,

स. न. वि. वि. हो, वाटलं. तू गेला नसतास तर आईची कद्दीश जावयाने म्हणायची, असं आमचं ठरलं होतं. तुझ्याकडे उतरले असते तर तू त्यांच्याशी वाद घालण्यात सकाळ घालवली असतीस. माझा अंदाज चुकला, याचा मला आनंद आहे. वाईट वाटलं असेल तर माफ कर. पण कार्ड लिहायचं होतंस.

यांच्याकडून कळलं ते सांगते. दातवाला बोलवायला दोनदा निघाला होता. दोन्ही वेळा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत फिरला. शाळेतही तो असाच होता, फळ्यापर्यंत जायचा आणि रडायचा.

हे घरी परतले. म्हणजे तुझ्यावाचून ते पुन्हा नऊ. येत्या शनिवारी दातवाल्याच्या वडिलांचा वर्षदिवस आहे. मी काही दर आठवड्याला नवरा पाठवणार नाही.

तुझ्यावर लोभ आहेच. त्याची परीक्षा पाहणं थांबव.

चिमणी


८ जुलै

चि. चिमणीस,

शालोम आणि अनेक आशीर्वाद. शनिवारी गेलो. कुणी बोलवलं नव्हतं. दातवाल्याने वडिलांसाठी कद्दीश म्हटली. मध्ये एकदा अडखळला, तेव्हा पुढचा शब्द मी सांगितला.

नंतर तो मुकादमकी परत देऊ लागला. मी नको म्हटलं. त्याला सांगितलं, माणूस कमी पडला तर जिना चढायचा, खालून परतायचं नाही.

बसलो दुसऱ्या बाकावर, त्याच्या शेजारी. ठराव तो ठराव.

जावईबापूंना कळव, पुढच्या खेपेला आमच्याकडे उतरायचं. वहिनीचा तुला निरोप आहे, की टोपी तिने दिली हे विसरू नये. तुझी पत्रं येऊ देत, बोचरी असली तरी.

तुझा दादा

ता. क. दातवाला भयंकर बेसूर गातो. एकोणीस वर्षं मला याचा पत्ता नव्हता.