दोन करंगळ्यांएवढं आकाश

तीर्थरूप दादास, धाकटीचा गच्चीवरून नमस्कार.

कंबर कशी आहे? बोटीवरच्या भटारखान्यात पिठाची पोती अजून तूच उचलतोस का? (उचलत असशील. सांगून ऐकलंस कधी?) आम्ही मजेत आहोत.

रोज ठरल्या वेळी दोघांनी अगस्त्याचा तारा बघायचा, म्हणजे भेटल्यासारखं होईल, असं तू लिहिलंस आणि आकाशाचं सॉफ्टवेअरही पाठवलंस. त्यात अगस्त्य साडेसातला दक्षिणेला ठळक दिसतो. गच्चीवरून मात्र समोरची इमारतच दिसते. तुझं बरं आहे, तुला चहूकडे पाणी. सॉफ्टवेअरला वाटतं, मीही समुद्रातच राहते! मग कळलं की आडव्या येणाऱ्या गोष्टींची उंची आपणच त्यात भरायची असते, अंदाज चालतो. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश, करंगळी म्हणजे एक. समोरचा कठडा एक मूठ, पाण्याची टाकी दोन, लिफ्टची खोलीही दोन. तीन संध्याकाळी मी मुठीवर मूठ रचत होते. चौथ्या दिवशी समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या निवृत्त हेडबाई तरातरा आमच्या दारात. मी त्यांना मुठी का दाखवते? ह्यांनी पेपरात तोंड खुपसलं. (संकटात ह्यांचा हाच आधार.) मी सगळं सांगितलं, तुझ्यासकट. बाई आत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊ किती वर्षांत आला नाही?" मी म्हटलं, "तीन." दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीसमोरची दोरी सोडून चादरी जिन्यात वाळत घातल्या.

आकडे भरल्यावर सॉफ्टवेअरनं उत्तर दिलं: टाकी आणि लिफ्टची खोली यांच्यामध्ये दोन करंगळ्यांएवढी फट आहे, तिथून अगस्त्य चौदा मिनिटं दिसेल. काल साडेसातला गेले, आणि दादा, फटीत बरोबर तो होता! पांढरा, टपोरा. आई गेल्यापासून तुला सांगायचं राहिलेलं सगळं मी त्याला सांगितलं. तिनं शेवटी तुझ्याबद्दल काय विचारलं, तेसुद्धा. चौदाची चाळीस मिनिटं झाली, तरी तो हलला नाही. माझ्यासाठी थांबला, असं वाटलं.

तेव्हा काळजी नसावी. भेट झाली.

तुझी,
धाकटी

ता. क. : तो बल्ब होता. फटीचं मीच हेडबाईंना सांगितलं होतं, ती मला अंधारात नीट कळावी म्हणून त्यांनी मुद्दाम वायर ओढून टांगलेला. आज कौतुकानं विचारत होत्या, उपयोग झाला का? मी हो म्हटलं. (वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात काढून ही गत! पण डोळे सारखे भरत होते, म्हणून चष्मा काढून ठेवला होता.)

ता. क. दुसरा : बल्बाला सांगितलेलं सगळं तुला लिहावं म्हणून सकाळपासून चार कागद फाडले. लिहवत नाही. या खेपेला रजा पुढे ढकलू नकोस. ऐकायला ये.