देवीचं पाणी आणि माझं सायन्स

१२ मे, सोमवार. सकाळ.
आजपासून मी शास्त्रज्ञ. फायनल. बारावी सायन्सला दोनदा उडालो, पण तो बोर्डाचा प्रॉब्लेम हाय.
झालं असं की पाड्यातल्या बंद बोअरला भर मे महिन्यात पाणी आलं. कैलासशेठनी मागच्याच महिन्यात तिथं देवीची पूजा घातलेली, इलेक्शनला उभं रायचंय म्हणून. सगळे बोलतात देवी पावली. मी पाणी हातात घेतलं, तर बुळबुळीत! बोअरच्या मागे केमिकल कंपनीची भिंत, भिंतीपलीकडे सांडपाण्याचा खड्डा. कोणालाच दिसत नाय. मला दिसतं. यालाच वैज्ञानिक नजर बोलतात.

संध्याकाळ.
मिथुनदादाच्या बायकोला, तेजल वयनीला, सातवा महिना. रोज पेलाभर बोअरचं पाणी तीर्थ म्हणून पिते. बोललो, नको पिऊ, साबणासारखं हाय. तर बोलते, भावजी, साबण तुमीच टाकला असेल! तिच्या लग्नात मी कुल्फीत मीठ घातलेलं, ते अजून धरून बसलीय.

१४ मे.
माझा दोस्त देवू, त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, साबणाचे किती पुडे टाकलेस? मला का नाय घेतलं पार्टनर?
निश्चय: मस्करी कायमची बंद.
(दुपारी त्याच्या चपलेला फेविक्विक लावलं. ते शेवटचं.)

१५ मे.
जबरदस्त प्लान. दहावीत मॅडमनी हळदीवर साबणाचं पाणी टाकलेलं, हळद लाल झालेली. ते एकच प्रॅक्टिकल मी पूर्ण बघितलं, बाकी टायमाला वर्गाबाहेर होतो. उद्या आरतीला सगळ्यांसमोर टेस्ट. मग बोअर बंद, वयनी सेफ, माझा सत्कार.

१६ मे. आरतीनंतर.
टेस्ट सक्सेस. ताटात हळद, वर बोअरचं पाणी, लालभडक! मी ओरडलो, बघा, अल्कली!
सोमी मावशी ताटासमोर आडवीच झाली. अगं बाय, देवीनं हळदीचं कुंकू केलं! सगळ्या बायकांनी ते कपाळाला लावलं. देवू हरामखोर मागून ओरडला, अल्कली माता की जय. पब्लिक पण ओरडली.
कैलासशेठनी मला मिठी मारली. माईकवर बोलले, आज सायन्सनं पण देवी मानली. मला बोलायचं होतं, पण माईक त्यांचा.

१९ मे.
स्टेशन रोडला बॅनर. शेठ मोठे, मी कोपऱ्यात: युवा शास्त्रज्ञ नवशा. फोटो बरा आलाय. रोज आरतीला टेस्ट करायला सांगितलंय. हो बोललो. रोज सॅम्पल मिळेल, रिसर्चच हाय तो.
वयनी आता दोन पेले पिते.

२२ मे.
वयनीला उलट्या. बोईसरला नेलं. बाळ ठीक हाय. डॉक्टर बोलले, ते पाणी बंद करा. मी बोललो, बघ! वयनी बोलली, काल तीर्थ चुकलं म्हणून झालं. मिथुनदादा भडकला. तूच टेस्ट करून दाखवलीस, आता उलटा फिरतोस?
कंपनीच्या गेटवर गेलो भांडायला. वॉचमननं हात जोडले. भैया, बॅनर पे तो आप ही हो ना? प्रसाद लाये क्या?

२४ मे.
मास्टरस्ट्रोक. वयनीचं तीर्थ यापुढे मीच आणणार. दुकानातून बाटलीचं पाणी घ्यायचं, तांब्यात ओतायचं, द्यायचं. ही मस्करी नाय, मेडिकल सायन्स हाय.

२५ मे. सकाळ.
वयनीनं तांब्या घेतला, पेल्यात ओतलं, चिमूटभर हळद टाकली. पिवळी ती पिवळीच.
बोलली, भावजी, हे तीर्थ नाय. तुमीच शिकवलंत, आता आमाला पण सायन्स कळतं.
दादानं तांब्या परत माझ्या हातात दिला. बोअरवर ही लाईन! मला बघून सगळ्यांनी वाट दिली. येताना दोनदा मुद्दाम सांडलं. मग दादा स्वतःच गेला.
वयनीनं परत हळद टाकली. लाल झाली.
टेस्ट एकदम करेक्ट आली. प्यायली.