तेरावा गडी

३ एप्रिल
पोचलो एकदाचा! बसच्या शेवटच्या गावापासून दिवसभर घट्ट बर्फावरून चाल, पाय पार मोडले; पण शिकाऱ्यांच्या झोपडीत शिरताच मिसोच्या रश्श्याचा वास आला आणि सगळा शीण गेला. आमच्या वनकचेरीने मला इथे अस्वलं मोजायला धाडलंय. या शिकाऱ्यांनी यंदा किती मारायची, ते माझ्या आकड्यावर ठरणार. म्हणजे त्यांनी माझा रागच करायचा; पण त्यांच्यातल्या हेइकिचीने माझं बोचकं आपणहून उचललं. म्हणाला, “कचेरीवाले साहेब अस्वलं मोजतील, मग अस्वलं साहेबांच्या बरगड्या मोजतील!” सगळे पोट धरून हसले. मीसुद्धा.

हे अकरा, मी बारावा. यावरून जरा खोळंबा झाला. डोंगरावरची देवी बारा लेकरांची आई, बारा हा तिचा आकडा. डोंगरात बारा माणसं दिसली की तिला ती आपलीच वाटतात आणि ती ठेवून घेते. म्हणून म्होरके तोकुझोबाबांनी बीचच्या झाडाचा एक ओंडका घेतला, कोयत्याने चार घाव घालून त्याला मान काढली, कोळशाने डोळे काढले. हा सान्सुके, आमचा तेरावा गडी. त्यालाही भाताची वाटी वाढली. उतरताना त्याला जुन्या बीचखाली देवीपाशी ठेवायचं, ‘तू राहा, आम्ही येतो’ म्हणायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मला गंमत वाटली.

घरी बायकोचे, सुमिएचे दिवस भरत आलेत. बाळंतपणाआधी घरी येईन असा शब्द दिलाय.

४ एप्रिल
आज समोरच्या उतारावर अस्वलीण दिसली, झाडाच्या ढोलीतून नुकती निघालेली. तोकुझोबाबांनी बंदूक रोखली, पण मागून दोन पिल्लं आली तशी खाली केली. म्हणाले, आईला मारलं तर पुढे आपली नातवंडं शिकार कशाची करतील, दगडांची? कचेरीत नियमांच्या चळती पडल्यात, त्यांत हे एक वाक्य नाही. मी भारावून गेलो. उद्या पहाटे सगळ्यांच्या आधी उठून चूल पेटवायची, एवढी तरी सेवा करावी.

५ एप्रिल
घात झाला. अंधुक उजेडात चुलीत घातलेला पहिलाच ओंडका सान्सुके होता. मान दिसली तेव्हा तो अर्धा जळला होता.

कोणी ओरडलं नाही, तेच वाईट वाटलं. मी दुसरा करा म्हणून विनवलं. हेइकिची खाली बघत म्हणाला, एका डोंगरफेरीला एकच करतात. तोकुझोबाबांनी चुलीतली राख सारखी केली. मग बोट फिरवत मोजलं. माझ्यापाशी बोट थांबलं नाही. अकरा, म्हणाले. अकरा गड्यांना धोका नाही.

६ एप्रिल
रुसलेत, दुसरं काय. मी बोललो तर उत्तर देत नाहीत. भात वाढतात, खायच्या काड्या देत नाहीत. हाताने खावा म्हटलं तर भूकच नव्हती. बाहेर वादळ. बोटं बधिर झालीत. विस्तवापाशी धरली तरी ऊब कळत नाही.

८ एप्रिल
वादळ ओसरलं. एकट्यानेच खाली जायला निघालो. गुडघे वळेनात, पडलो. हेइकिची आला आणि मला काखेत मारून घेऊन आला. एका हाताने. मी एवढा हलका कधी झालो? घाबरायला हवं होतं. सुमिएचा चेहरा आठवून पाहिला. आठवला, पण आत काही हललं नाही.

९ एप्रिल
थंडी नाही. भूक नाही. रात्रभर बसवलं तसाच बसून होतो. ओरडलो — मला वाटतं ओरडलो. कोणी मान वर केली नाही.

हेइकिचीने कोळशाने माझ्या डोळ्यांवरून रेघा ओढल्या. म्हणाला, डोळे तरी असू देत बिचाऱ्याला. तो रडत होता.

१० एप्रिल
बोचकी बांधली. मला बीचखाली ठेवलंय. तोंड डोंगराकडे. वही मांडीवर, पेन्सिल बोटांत खोचलेली — हेइकिचीनेच —

तोकुझोबाबा हात जोडून म्हणाले, “तू राहा, आम्ही येतो.” हेइकिचीने विचारलं, त्याच्या बायकोला काय सांगायचं. बाबा म्हणाले, “खरं तेच. अकरा गेलो, अकरा आलो.”

बर्फात पावलं. लांब जातायत. कोणी वळून —

मागे कोणीतरी आलंय. बाईचा हात. डोक्यावरून फिरतोय, आई फिरवते तसा. मोजतेय.

सुमिए, बाळाचं नाव मी ठरवलं होतं. ते